काठे सरांची साठ वाक्यं

१७ नोव्हेंबर २००३, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच दिवशी डोकं फिरलं. डॉक्टर म्हणाले, काठे सर, रक्तदाब आहे, चिडायचं नाही, फारच वाटलं तर कागदावर उतरवा. म्हणून ही दोनशे पानी वही आणली. आजच्या एका दिवसात भरेल असं दिसतंय.

हेडसरांनी केबिनमध्ये बोलावलं. गेल्या वर्षी दहावीचा इंग्रजीचा निकाल एकाहत्तर टक्के. यंदा नव्वदच्या खाली गेला तर दहावी ब माझ्याकडून काढून त्या नव्या मास्तरला देणार. तो जूनमध्ये आला, गॉगल लावून मोटारसायकलवर येतो, पोरं त्याच्या मागंमागं. कानामागून आली आणि तिखट झाली! मी बावीस वर्षं या शाळेत खडू झिजवतोय. सिंहस्थाच्या सुट्ट्यांनी माझे किती तास खाल्ले ते कोणी बघायचं? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगण खरंच वाकडं आहे आणि दोष मात्र नाचणाऱ्याला.

मखमलाबादला घरी येऊन वाक्प्रचारांच्या वह्या तपासायला घेतल्या. परीक्षेत विचारतात, दिलेला इंग्रजी वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यात वापरा. त्यासाठी मी एक्याण्णव सालीच साठ वाक्प्रचार निवडून त्यांची साठ वाक्यं सायक्लोस्टाइल करून ठेवली आहेत. पोरांनी रोज दहा लिहायची, शब्दन् शब्द. मनाचं काही घालायचं नाही. मी स्वतः मॅट्रिकला इंग्रजीत चार मार्कांनी गचकलो होतो. का? तर मनाची वाक्यं लिहिली. वर्षभर वडिलांबरोबर झेंडूला पाणी भरत बसलो. तेव्हाच कळलं, परीक्षक हुशारी शोधत नाही, चूक शोधतो.

बेचाळीस वह्यांपैकी एक्केचाळीस शुद्ध. बेचाळिसावी कोणाची? खुद्द आमच्या कन्येची, वेदिकाची! वाक्प्रचार होता ‘कीप अप अपिअरन्सेस’, म्हणजे वरवर सगळं ठीक आहे असं दाखवणं. माझं वाक्य मिस्टर जोशींचं, बारा वर्षं चाललंय. हिनं लिहिलंय, ‘माय मदर कीप्स अप अपिअरन्सेस व्हेन माय फादर कम्स होम.’ लाल पेननं अर्धा मार्क कापला आणि शेजारी लिहिलं, नोट्सप्रमाणे लिहा. मास्तराच्या पोरीनंच मास्तराचं ऐकायचं नाही म्हणजे दिव्याखाली अंधार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पुन्हा तेच. जेवायच्या आधी तिला समोर उभं केलं.

“का लिहितेस मनाचं?”

“प्रश्नातच म्हटलंय ना बाबा, स्वतःच्या वाक्यात वापरा.”

“प्रश्नात काय वाटेल ते म्हणतात. तुला मार्क पाहिजेत की अक्कल पाजळायचीय?”

ती खाली मान घालून म्हणाली, “पण तुम्ही वाचलंत का ते?”

“वाचल्याशिवाय कापले का मार्क? ‘कीप्स’ला एस लावलायस, ते बरोबर आहे. उरलेलं नोट्समध्ये नाही.”

तेवढ्यात आतून छायानं हाक मारली, “वेदे, ताटं घे गं.” ही आमची बायको नेमकी अशा वेळी पोरीला वाचवते. आमटीत मीठ नव्हतं. बोललो तर म्हणे विसरले. दोन वेळचं जेवण आणि दहा वाफे झेंडू, यापलीकडे काय व्याप आहे तिला? माझ्या बीपीच्या गोळीची आठवण मात्र चुकवत नाही. ताटाजवळ गोळी ठेवून, पाणी हातात देऊन उभी राहते.

२ डिसेंबर, मंगळवार

घरात चोर आहे. शाळेतून खडूच्या दोन डब्या आणल्या होत्या, सकाळच्या जादा तासाला लागतात म्हणून. एकीत सात उरलेत, दुसरी अर्धी. वेदिकाला विचारलं, तिनं वहीत डोकं घातलं. छायाला विचारलं, तर पदरानं तोंड पुसत म्हणाली, उंदीर नेत असतील. उंदीर खडू नेतात हे मी सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. आंधळं दळतं कुत्रं पीठ खातं, तशी या घराची गत. उरलेले खडू कपाटात कुलपात ठेवले.

९ डिसेंबर, मंगळवार

‘टर्न अ डेफ इअर’, म्हणजे कानाडोळा करणं. नोट्समध्ये सरळ वाक्य आहे, राजानं प्रजेच्या रडण्याकडे कानाडोळा केला. आमच्या बाईसाहेब लिहितात, ‘माय मदर टर्न्स अ डेफ इअर टु हर ओन पेन.’ आई म्हणे स्वतःच्या दुखण्याकडे कानाडोळा करते.

इंग्रजी चुकलेलं नाही हे मान्य. पण आजारी आईच पाहिजे असेल तर माझ्या नोट्समध्ये काय कमी आहेत? साठातल्या चौदा वाक्यांत कोणाची ना कोणाची आई आजारी आहे. ‘माझी आई आजारी होती म्हणून मी गोंधळून गेलो.’ ‘आई बरी झाल्याचं ऐकून माझा जीव भांड्यात पडला.’ बारा वर्षं दर वह्यांच्या गठ्ठ्यात चाळीस-बेचाळीस आया आजारी पडतायत आणि पुढच्या ओळीला बऱ्या होतायत. त्यातलीच एक लिहायला हिचं काय जातं? अख्खा मार्क कापला.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज सहा वाजता चहा नाही. बाहेर येऊन बघतो तर छाया बांधावर बसलेली आणि आमची फुलं शेजारची लंकाबाई तोडतेय. लंकाबाईचं स्वतःचं रान पडलंय आणि ही तिला राबवून घेतेय! मी म्हणालो, “दिवसेंदिवस राणीसाहेब होत चाललीस.” ती हसली आणि बांधाला धरून उठली.

लंकाबाई माझ्याकडे येऊन म्हणाली, “सर, बाईंकडं जरा बघा. लय थकल्यात त्या.”

“मार्चपर्यंत मला कोणाकडेही बघायला वेळ नाही, लंकाबाई.”

“आवो सर, तसं नाय...”

“लंके!” छाया ओरडली. लंकाबाई तोंड दाबून पाटी घेऊन गेली. बायकांची नाटकं.

संध्याकाळी गोळी देताना छायानं विचारलं, “अहो, परीक्षा मार्चमध्येच ना? मार्च कधी संपतो?”

म्हटलं, “एकतीसला. आजवर तरी एकतीसलाच संपत आलाय.”

तिला काळजी असणारच. दोन हजार साली नेमकं फेब्रुवारीत हिचं अपेंडिक्स निघालं, माझे आठ दिवस दवाखान्यात गेले, निकाल धाडकन खाली. तेव्हा मी तिला म्हणालो होतो, तुझ्या दुखण्यानं माझं वर्ष खाल्लं. रागात बोललो होतो, पण खोटं नव्हतं.

२ जानेवारी २००४, शुक्रवार

नवीन वर्ष, जुनंच दुखणं. ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’, म्हणजे गुपित फोडणं. आज हिनं हद्द केली. ‘आय वाँट टु लेट द कॅट आउट ऑफ द बॅग, बट माय मदर इज होल्डिंग द बॅग.’ मला मांजर बाहेर काढायचीय, पण पिशवी आईनं धरून ठेवलीय! वाक्प्रचाराचा असा पोरखेळ करतात का? परीक्षक भोपळा देईल.

मी ते वर्गात मोठ्यांदा वाचून दाखवलं. पोरं फिदीफिदी हसली. मागच्या बाकावरचा एक ‘म्याँव’ करून ओरडला. वेदिका उभी होती, माझ्याकडे बघत. रडली नाही. मलाच थोडं कसंतरी झालं, पण शाळेत मी बाप नसतो. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो, आता तरी सुधारेल.

१३ जानेवारी, मंगळवार

पालथ्या घड्यावर पाणी! आजची वही इथं उतरवून ठेवतो, म्हणजे निकालाच्या दिवशी तिला दाखवता येईल. ‘अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन’, वेळीच टाका घातला की पुढचे नऊ वाचतात. हिचं वाक्य: ‘द लेडी डॉक्टर सेड, अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन. माय मदर सेड, आफ्टर मार्च.’

कोण लेडी डॉक्टर? मार्चनंतर काय? याला वाक्य म्हणतात? लाल पेननं लिहिलं, अर्थबोध होत नाही. शून्य.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. छायानं तिळगूळ हातावर ठेवला. तिचा तळवा पांढराफटक. म्हटलं, हाताला पीठ लागलंय, धुवून तरी यायचंस. तिनं हात मागं घेतला आणि पदराखाली धरला. वेदिका माझ्या पाया न पडता आत निघून गेली. गोड बोलायच्या दिवशी आमच्या घरात सगळ्यांची तोंडं शिवलेली. मला या घरात कोणी काही सांगतच नाही.

२१ जानेवारी, बुधवार

शाळेतच लिहितोय, स्टाफरूममध्ये. आज पूर्वपरीक्षेचा इंग्रजीचा पेपर. अकरा वाजले, वेदिका काठे गैरहजर! सकाळी मी जादा तासाला निघालो तेव्हा ती उठलेली होती, फुलांच्या वाफ्याकडे चालली होती. माझ्याच विषयाला, माझ्याच पोरीनं दांडी मारली. हेडसर दारातून म्हणाले, “काय काठे, घरचंच गिऱ्हाईक फिरलं का?” तो गॉगलवाला खुदकन हसला. मी हजेरीपटावर तिच्या नावापुढं लाल शाईनं शून्य मांडलंय. आज घरी गेल्यावर तिची आई मध्ये पडली तरी मी ऐकणार नाही.

शिपाई आलाय, ऑफिसात माझा फोन आहे म्हणतो.

२४ जानेवारी, शनिवार

तीन दिवस वही हातात घेतली नाही. आता छाया झोपलीय, दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय.

फोन लंकाबाईचा होता. “सर, बाई वाफ्यात पडल्यात. लय रगत गेलंय. पोरगी संगं हाय. या लवकर.” लंकाबाईच्या नवऱ्यानं, काळूनं, फुलांचा टेम्पो रिकामा करून तिला त्यात घातली. मी पोचलो तेव्हा छायाच्या केसांत झेंडूच्या पाकळ्या होत्या आणि वेदिकाच्या शाळेच्या ड्रेसला रक्त. पेपरला जायला म्हणून ती ड्रेस घालून तयारच झालेली होती.

डॉक्टरबाई माझ्यावर भडकल्या. भडकू देत. त्या म्हणाल्या, “गर्भाशयात गाठ आहे. सात-आठ महिने रक्त जातंय. डिसेंबरात या मुलीला घेऊन आल्या होत्या, मी तेव्हाच म्हटलं ऑपरेशन करा. तर म्हणाल्या मार्चनंतर. हिमोग्लोबिन चार आहे, चार! तुम्ही एका घरात राहता ना? खडू, माती असलं काही खायच्या का? अंगात रक्त नसलं की होतं असं.”

मी काही बोलायच्या आत वेदिका म्हणाली, “खडू. बाबांच्या डब्यांतले.”

मी म्हणालो, “कपाटाला तर कुलूप होतं.”

“तुम्ही कुलूप लावल्यावर ती पाटीवरची पेन्सिल खायला लागली.”

मला कोणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटली. कोणाच्या, तेच कळेना. छायावर ओरडावं तर ती स्ट्रेचरवर. वेदिकावरच ओरडलो, सगळ्या दवाखान्यासमोर, “तुला माहीत होतं! आठ महिने माहीत होतं आणि बापाला एका शब्दानं सांगता आलं नाही?”

ती माझ्याहून मोठ्यांदा ओरडली. माझी पोरगी असं ओरडू शकते हे मला माहीत नव्हतं. “आईनं माझ्या गळ्याची शपथ घातली होती, तोंडानं सांगायचं नाही म्हणून! बाबांचं बीपी, बाबांचा निकाल, बाबांचं वर्ष! मग मी लिहून सांगितलं. रोज लिहिलं. घरात तुम्ही दुसरं काय वाचता? तुम्ही वाचलंत आणि मार्क कापलेत!”

वॉर्डबॉय थबकून बघायला लागला. काळू तिला धरून बाहेर घेऊन गेला. तीन बाटल्या रक्त चढवलं, गुरुवारी ऑपरेशन झालं. गाठ तपासायला पाठवलीय, रिपोर्ट यायला दहा-बारा दिवस लागतील. शुद्धीवर आल्यावर छाया पहिलं वाक्य काय बोलली असेल? “अहो, पूर्वपरीक्षा चालू आहे ना? तुम्ही इथं कसे?”

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाला गेलो नाही. घरी आंघोळीला आलो आणि तिची वही काढून पहिल्या पानापासून वाचली. परीक्षक म्हणून नाही. बाप म्हणून वाचायला मला दोन तास लागले.

सगळं होतं. कधी सुरू झालं ते होतं. आई वाफ्यात दोनदा चक्कर येऊन पडली ते होतं. लंकाबाईनं फुलं तोडली ते, डॉक्टरबाईंच्या लाल गोळ्या डाळीच्या डब्यामागं लपवल्या ते. ‘अ‍ॅट द इलेव्हन्थ अवर’, अगदी शेवटच्या क्षणी, याचं वाक्य होतं, ‘आय होप माय फादर विल अंडरस्टँड बिफोर द इलेव्हन्थ अवर.’ त्याच्याखाली मी लाल शाईनं लिहिलंय, ‘होप’नंतर ‘विल’ चालतं, पण वाक्य नोट्सचं नाही.

अरे गाढवा! सेहेचाळीस वर्षांच्या गाढवा! बावीस वर्षं पोरांना शिकवतोस आणि पोरीनं हाक मारली तर एस बघतोस? लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथं लेकच बोलत होती आणि मलाच बोलत होती, तरी लागलं नाही. मी त्या डॉक्टरबाईंवर, लंकाबाईवर, हेडसरांवर, सगळ्यांवर मनातल्या मनात चिडून बघितलं. कोणावरच राग टिकेना, फिरून माझ्याच दारात येई.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

रिपोर्ट आला. गाठ साधी होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, नशीब बलवत्तर, अजून महिनाभर थांबला असतात तर मी नशिबाचं नाव घेतलं नसतं. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो.

छायाला घरी आणलं. स्वयंपाक मी करतोय. आमटीत मीठ विसरलो. छाया मुकाट्यानं जेवली. म्हटलं, दुखणं बोलली नाहीस, मीठ नाही एवढं तरी बोल. तर म्हणाली, “दोन हजार साली एकदा ऐकून घेतलं, पुरे झालं. पुन्हा तुमचं वर्ष खायचं नव्हतं मला.” चिडून नाही, नेहमीच्या आवाजात.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वर्गात सांगितलं, साठ वाक्यं विसरा. प्रत्येकानं घरातलं, खरं, स्वतःचं वाक्य लिहायचं. पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. दुपारी तीन पालक हेडसरांकडे हजर: परीक्षा तोंडावर आली आणि काठे सरांचं डोकं फिरलं, आमच्या पोरांना नोट्सच पाहिजेत. हेडसर मला म्हणाले, “तुमच्याच नोट्स ना? मग आता काय झालं?” काय सांगणार त्यांना. बारा वर्षांचं पेरलेलं, एका दिवसात उपटायला गेलो.

वेदिकाची वही सगळ्यात वर होती. घाईघाईनं उघडली. दहा वाक्यं, सुंदर अक्षर. मिस्टर जोशी, राजा आणि प्रजा, आजारी पडून बरी झालेली आई. शब्दन् शब्द माझ्या नोट्सप्रमाणे. चूक नव्हती, मार्क कापायला जागा नव्हती.

रात्रीच्या जेवणाला विचारलं, “तुझं तू का लिहीत नाहीस आता?” ती म्हणाली, “तुम्हीच सांगितलं होतं ना, सर.” घरात सर म्हणाली.

११ मार्च, गुरुवार

आज बोर्डाचा इंग्रजीचा पेपर. छाया दारापर्यंत चालत आली, पोरीच्या हातावर दही ठेवलं. मी केंद्राच्या फाटकाबाहेर तीन तास उन्हात उभा राहिलो. इतर पोरांचे बापही होते. त्यांनी मला ओळखून विचारलं, सर, निकाल किती लागेल यंदा? म्हटलं, लागेल तेवढा लागेल.

ती बाहेर आली. मी पाण्याची बाटली दिली.

“वाक्प्रचार कुठला आला होता?”

“टर्न अ डेफ इअर.”

“मग? काय लिहिलंस?”

“राजानं प्रजेच्या रडण्याकडे कानाडोळा केला.”

“अगं, तुझं बरोबर होतं! तेच लिहायचंस ना. आईचं. त्यात एक चूक नव्हती, मी पुन्हा पुन्हा वाचलंय.”

ती पाणी प्यायली, बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाली, “ते परीक्षकासाठी नव्हतं, बाबा.”

बाबा म्हणाली, एवढंच पदरात घेऊन मी तिच्या मागोमाग बसस्टॉपकडे चाललो. मार्क पूर्ण मिळतील. सगळ्या वर्गानं तेच लिहिलं असणार, निकाल नव्वदच्या पुढं जाईल, दहावी ब माझ्याकडेच राहील. जळो ती दहावी ब.

घरी आल्यावर तिनं इंग्रजीच्या वह्या रद्दीच्या गठ्ठ्यात टाकल्या. त्यातून वाक्प्रचारांची ती वही मी हळूच काढून आणली. माझ्या लाल खुणा मोजल्या, अडतीस. म्हटलं, निदान या तरी जाव्यात म्हणून शाईचं खोडरबर घेऊन बसलो. पहिल्याच पानावर घासलं. शाई गेली नाही, कागद फाटला आणि शेजारचे तिचे तीन शब्द गेले. पुढची पानं मी तशीच ठेवली आहेत.